खुराड्यातून कोंबड्या परत-परत जातात? आधी चोर ओळखा, मग वाट बंद करा

कोंबडी गेली की आपल्याकडं पहिला संशय मुंगसावर, दुसरा शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आणि तिसरा थेट शेजाऱ्यावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागल, हातकणंगले भागात उसाला लागून ज्यांची वस्ती आहे त्यांना हे रोजचंच. आखाडात गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक दारात येतं, आणि नेमक्या त्याआधी चार-सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) गायब झालेल्या असतात. मग कोणी फासकी लावतो, कोणी मेलेल्या कोंबडीत थायमेट हे कीटकनाशक घालून बांधावर टाकतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात. नंतर परड्यात परत पिसं.

परत का, याचं उत्तर जनावरात नाही, खुराड्यात आहे. उसाच्या फडातलं एक रानमांजर मेलं म्हणून ती जागा मोकळी राहत नाही. शेजारच्या फडातलं दुसरं येतं, आणि त्यालाही तोच वास, तीच फट, तीच सैल कडी सापडते. म्हणून इथं क्रम असा ठेवलाय: कोण आलं, कुठून आलं, आणि ती वाट कायमची कशी बुजवायची. एक लक्षात ठेवा, ज्याला काल खायला मिळालं ते आज परत येणार. म्हणजे जे काही करायचं ते त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत.

मेली की मारली?

हे आधी बघा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली असेल तर कोंबड्या आपोआप मरतात आणि मेलेली कोंबडी ओढून नेणारा फक्त हमाल असतो. मान वाकडी होणं, पाय-पंख लुळे पडणं, हिरवट पातळ विष्ठा, घरघर असं काही बाकीच्या कोंबड्यांत दिसतंय का ते तपासा. दिसत असेल तर पुढचं वाचू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. लासोटाची लस पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमाराला आणि आर-टू-बी ही दुसरी लस 6 ते 8 आठवड्यांनी, हे दोन डोस चुकवणाऱ्याच्या जितक्या कोंबड्या रोगानं जातात तितक्या मुंगूस जन्मात नेत नाही.

काय उरलंय, त्यावरून कोण ते कळतं

मेलेली कोंबडी हातात घ्या, मानेवरची पिसं उलटी करून उजेडात बघा. मानेला किंवा डोक्याच्या मागं बारीक, जवळजवळचे दात, बाकी अंग जवळपास शाबूत, आणि घटना दिवसाढवळ्याची, तर मुंगूस. आपलं करड्या रंगाचं मुंगूस दिवसा फिरतं, रात्री बिळात असतं. त्यामुळं रात्री दोन वाजता गेलेल्या कोंबडीचं पाप त्याच्या माथी मारू नका. ते ‘रक्त पितं’ असं सगळे म्हणतात. तसं काही नसतं. ते मान चावून मारतं, सवड मिळाली तर डोकं-मान खातं, आणि माणसाची चाहूल लागली की तसंच टाकून पळतं. कोंडलेल्या जागेत सापडलं तर एकाच वेळी चार-पाच मारून जातं. अंडं मात्र ते मागच्या पायांमधून दगडावर भिरकावून फोडतं. भिंतीच्या कडेला, दगडाजवळ फुटलेली टरफलं दिसली तर बघायला नको.

एकच कोंबडी गेली, ती अख्खी गेली, पिसांची रांग बांधाकडं किंवा उसाच्या सरीकडं गेलेली, वेळ तिन्हीसांजेची किंवा पहाटेची, तर रानमांजर. आपल्याकडं जुनी माणसं त्याला बाऊल म्हणतात. पाय लांब, शेपूट तोकडं आणि टोकाला काळे वेढे. घरातल्या बोक्यापेक्षा उंच. तो तिथंच बसून खात नाही, उचलून नेतो.

खुराड्याच्या तळाशी उकरलेलं, माती बाहेर फेकलेली, आणि मधनं-मधनं रात्री फडातून कोल्हेकुई येत असेल तर कोल्हा. तोही एकेकच नेतो, पण वाट जमिनीतून काढतो. भटक्या कुत्र्यांचं काम वेगळंच दिसतं. जाळी फाटलेली, सात-आठ कोंबड्या इकडं-तिकडं टाकलेल्या, पाठीवर-मांडीवर चावे आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही. आपल्या पंचक्रोशीत ‘बिबट्यानं खुराडं फोडलं’ अशा ज्या बातम्या उठतात, त्यातल्या बऱ्याच या टोळीच्या असतात असं माझं मत आहे.

वरून आलेला पाहुणा असेल तर पिसं एका जागी गोल पडलेली सापडतात, कारण शिक्रा आधी पिसं उपटतो, मग खातो. घार पिल्लू उचलते आणि निघून जाते, खाली काहीच उरत नाही. झाडावर बसणारी कोंबडी सकाळी खाली पडलेली आणि डोकं-मान तेवढी नाहीशी, तर घुबड. अंड्याला टोच मारून आतलं खाल्लेलं असेल तर कावळा किंवा भारद्वाज. भारद्वाज दिसणं शुभ, हे खरं असेलही. पिल्लांच्या बाबतीत तेवढं धरून चालू नका.

अंडी टरफलासकट नाहीशी, आणि एखादं पिल्लू मेलेलं पण डोक्याकडची पिसं ओली-चिकट, तर सापानं गिळायचा प्रयत्न करून सोडलंय. नाग अंडीही खातो आणि पिल्लंही. पिल्लांचे पाय कुरतडलेले किंवा पिल्लू बिळाच्या तोंडाशी अडकलेलं, तर घूस. घुशीकडं आपण जनावर म्हणून बघतच नाही, पण तिच्या बिळामागोमाग साप येतो. एक बीळ बुजवलं की दोन त्रास कमी होतात.

आणि पिसं नाहीत, रक्त नाही, कडी नीट घातलेली, गेला तो नेमका सगळ्यात वजनदार कोंबडा, तर ते जनावर दोन पायांचं आहे. तिथं जाळी नको, कुलूप लावा.

राखेची युक्ती

खुणांवरून पक्कं कळत नसेल तर चुलीतली राख चाळून घ्या. राख नसेल तर बारीक माती चालेल. संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा पसरा, दाराजवळ आणि संशय आहे त्या फटीखाली जरा जाड. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघायचं, नाहीतर त्याच सगळं पुसून टाकतात.

ठसा गोल, चार बोटं आणि नखांच्या खुणा नाहीत, तर मांजर कुळातलं. मांजरं चालताना नखं आत ओढून घेतात. चार बोटं आणि पुढं नखांचे टिंब, तर कुत्रा किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा जरा लांबट आणि चाल एका सरळ रेषेत असते. कुत्रं भरकटत चालतं. पाच बोटं उमटली तर मुंगूस किंवा उदमांजर. वेळ दिवसाची का रात्रीची यावरून फरक करा. मधोमध शेपटीची ओढलेली रेघ आणि दोन्ही बाजूंना पसरट, लांब नखांचे पाय असतील तर घोरपड, ती अंड्यांसाठी येते. ठशाशेजारी नाणं ठेवून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वनविभागाच्या माणसाला तोंडी वर्णनापेक्षा त्या फोटोचा जास्त उपयोग होतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरच्या काकूंचं गाऱ्हाणं असंच सुटलं. दर दोन-तीन रात्रीनं एक तलंग जायची. काकू म्हणायच्या, “आवो, कडी तशीच, जाळी तशीच, आन् ओरडल्याचा आवाज सुदीक न्हाई.” आवाज नसतो, कारण कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, दांडीवर बसलेली कोंबडी पळतही नाही, ओरडतही नाही. खाली राखेत काहीच उमटेना. म्हणजे चोर जमिनीवरून येतच नव्हता. वर बघितलं तर पेरूची फांदी कौलांना टेकलेली, वळचणीला भिंत आणि वासा यांच्यामध्ये पंजा जाईल एवढी फट, आणि माडीच्या भिंतीवर एका ठरावीक जागी बियांनी भरलेली विष्ठा. उदमांजर. ते मुख्यतः फळं खातं, पण वाटेत तलंग लागली तर सोडत नाही. फांदी तोडली, वळचणीच्या फटीला जाळी मारली. सापळा लावायची वेळच आली नाही.

खुराडं: कुठं पैसे घालायचे

बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून जी षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं, मुंगूस पिल्लू भोकातूनच ओढतं. खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे वेल्डिंग केलेली चौकोनी भोकांची जाड जाळी) लावा. वरच्या भागाला ती परवडत नसेल तर एक इंचाची चालेल. दोन जाळ्या जिथं जोडल्यात तिथला सांधा तारेनं शिवून घ्या, खिळा वाकवून काम भागवू नका. अशी भक्कम जाळी जनावर फाडत नाही, सांधा शोधतं.

उकरणाऱ्यांसाठी उपाय स्वस्त आहे. जाळीचा दीड फुटाचा घोळ भिंतीपासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि वर माती-दगड टाकून दाबा. कोल्हा भिंतीच्या बुडालाच उकरायला लागतो, पंज्याला जाळी लागते. मागं सरकून दीड फुटावरून भुयार काढायचं त्याला सुचत नाही. चर खणून जाळी उभी पुरण्यापेक्षा हे सोपं आणि काळ्या जमिनीत जास्त टिकतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की पुरलेली जाळी वर येते. ज्यांना जमतं त्यांनी सरळ तळाला कोबा करावा, किंवा खुराडं चार खांबांवर तीन फूट उचलावं. उचललेल्या खुराड्याला शिडी लावत असाल तर रात्री ती काढून ठेवा.

कडी दुहेरी हवी. नुसती फिरवायची लाकडी खिट्टी कुत्र्याच्या धक्क्यानं उघडते. कोयंड्यात एखादा हूक किंवा वाकडा खिळा अडकवला तरी पुरतं.

डालग्याबद्दल, म्हणजे उपड्या टोपलीबद्दल, एक गोष्ट. पिल्लं डालग्याखाली झाकून वर दगड ठेवायची आपली पद्धत दिवसा कावळ्या-घारीपुरती ठीक आहे. रात्री डालगं म्हणजे घुशीला आणि नागाला ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. रात्री पिल्लं कोंबडीसकट बंद खोक्यात किंवा खुराड्यातल्या वेगळ्या कप्प्यात.

पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत उघड्यावर सोडूच नयेत असं मला वाटतं. वरती ताणून बसवलेलं शेडनेट किंवा तारेची जाळी असलेली छोटी मोकळी जागा त्यांना द्यावी. मासे पकडायची जुनी नायलॉन जाळी फुकट मिळते म्हणून लोक ती टाकतात; तिच्यात धामण अडकते, सुटायला धडपडताना तिचं अंग कापतं आणि ती मरते. सैल नायलॉन नकोच. मोठ्या कोंबड्यांना शेवग्या-तुरीखाली किंवा एखाद्या खाटेखाली लपायला जागा असली की शिक्र्याचं फारसं चालत नाही. चमकणाऱ्या पट्ट्या, जुन्या सीड्या टांगून थोडे दिवस फरक पडतो, मग घार त्याच तारेवर येऊन बसते. रात्रभर जळणाऱ्या बल्बचंही तसंच.

खरी अडचण वेळेची

जाळी, कडी, घोळ सगळं केलं आणि तरी कोंबडी जाते अशा घरी मी एकच प्रश्न विचारतो: खुराड्याचं दार किती वाजता लावता? उत्तर ठरलेलं, “धार काढून झाली की.” रानमांजर नेमकं त्या वेळेला बाहेर पडतं. घरातली सगळी गोठ्यात, डेअरीची वेळ गाठायची घाई, आणि इकडं कोंबड्या दांडीवर चढायच्या तयारीत, दार सताड उघडं. सकाळीही तेच, पहाटे धारेला उठताना कोंबड्या सोडायच्या आणि मग तासभर तिकडं बघायचं नाही.

यावर पैसे लागत नाहीत. धार काढायच्या आधी मूठभर कण्या किंवा भरडलेला मका खुराड्याच्या आत टाका. काही दिवसांत कोंबड्या त्या वेळेला आपणहून आत येतात. दार लावा, मग चरवी घ्या. सकाळी पूर्ण उजाडल्याशिवाय सोडू नका. उरलेलं खाद्य मात्र रात्री आत ठेवू नये, त्यावर घूस येते. अंडीही दिवसाउजेडी गोळा करा. अंधारात खुडूक कोंबडीच्या खाली हात घालायचा नाही, आधी टॉर्च.

वर्षातले दोन काळ डोळ्यात तेल घालून

पहिला उसाच्या तोडीचा. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटले की फड मोकळे व्हायला लागतात आणि वर्षभर त्यात राहिलेली बाऊल, कोल्हे, मुंगसं एका रात्रीत बेघर होतात. शेजारच्या फडाला ऊसतोड टोळी आली की त्याच आठवड्यात खुराड्याभोवती एक फेरी मारा. परड्यातलं वाढलेलं गवत, पाचटाचा ढीग, जळणाची रास खुराड्यापासून दहा-पंधरा फूट लांब ठेवा. उघड्या जागेतून यायला जनावर कचरतं.

दुसरा पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 ला धोका. चिखली-आंबेवाडीकडची माणसं तेव्हा जनावरं हलवायला लागतात. साप, मुंगसं, घुशीही तेच करतात, उंचवट्याकडं सरकतात. 2019 आणि 2021 ला ज्यांच्या अंगणाला पाणी लागलं नाही त्यांच्याकडंही सापांची वर्दळ वाढली होती. पाणी वाढायच्या आधी खुराड्याची बुडं तपासा.

काय करू नये, आणि का

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दात नुसतं मारणं येत नाही. विष घालणं, फास लावणं, सापळ्यात पकडणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं येतं. रानमांजर, मुंगूस, उदमांजर, कोल्हा, घोरपड, अजगर, घार, घुबड या सगळ्यांना या कायद्याचं संरक्षण आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं, जनावर असेल तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं. ‘मारलं कुठं, पकडून गगनबावड्याच्या घाटात सोडून आलो’ हेही यातच बसतं. शिवाय तिथं आधीच दुसऱ्याची हद्द असते. सोडलेलं जनावर बहुधा मार खाऊन मरतं किंवा गाडीखाली येतं, आणि तुमच्या फडात नवीन येतं.

विषाचं तर बोलायलाच नको. थायमेट म्हणजे फोरेट, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. तरी कुठं-कुठं जुने डबे निघतात. विष घातलेली कोंबडी कोल्ह्यानंच खावी अशी सक्ती कोणी करू शकत नाही. ती तुमचंच राखणीचं कुत्रं खातं, शेजारचं मांजर खातं, मेलेल्यावर घार बसते. मेन लाइनचा करंट कुंपणात सोडणाऱ्यांनी तर आधी घरातल्या लहान मुलांकडं बघावं. भटक्या कुत्र्यांचा त्रास असेल तर ग्रामपंचायतीकडं लेखी अर्ज द्या, निर्बीजीकरण मागा; काम सावकाश होतं हे कबूल, म्हणून तोवर जाळी.

मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उसात फेकायची सवय मात्र आजच सोडा. रोगानं मेलेली एक कोंबडी बांधावर टाकली की कोल्ह्याला घरचा रस्ता दाखवल्यासारखं होतं. तीन फूट खड्डा, वर चुना, वर माती आणि दगड.

आणि हिशोबच करायचा तर पूर्ण करा. रानमांजराचं मुख्य खाणं उंदीर आहे. राजस्थानातल्या सरिस्कामधल्या अभ्यासात एक मांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं असा अंदाज निघाला. तुमच्या उसाच्या बुडाशी आणि भुईमुगात उंदीर किती नुकसान करतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कधी फोन करायचा

साप खुराड्यात दिसला तर कोंबड्या वाचवायला आत जाऊ नका. लांबून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री नंबरवर किंवा गावातल्या अधिकृत सर्पमित्राला कळवा. चावलाच तर बांधणं, कापणं, मंत्र काही नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात, तडक. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडं तळहाताएवढे, नखं नसलेले ठसे उमटले किंवा राखणीचं कुत्रं नाहीसं झालं, तर बिबट्या धरून चाला. 1926 लावा, शेळ्या-वासरं बंद गोठ्यात घ्या, आणि बघायला गर्दी जमवू नका. फोनवर गाव, गट नंबर किंवा जवळची खूण, किती वाजता दिसलं आणि ठशाचा फोटो आहे का, एवढं सांगितलं की पुढचं काम सोपं होतं.

तोडीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडतात. भुरकट, मऊ, डोळे जेमतेम उघडलेली, आणि लगेच ‘बिबट्याची पिल्लं’ म्हणून स्टेटसला फोटो जातो. बहुतेक वेळा ती रानमांजराची असतात. घरी नेऊन दूध पाजू नका, हात लावू नका. तेवढा तुकडा न तोडता ठेवून टोळीला दुसऱ्या बाजूला वळवा आणि वनविभागाला कळवा. बिबट्याची असोत की बाऊलाची, आई आसपासच असते. माणसं हटली की रात्रीत येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी पिल्लं तिथंच असतील तरच पुढं काय करायचं ते वनविभागाची माणसं ठरवतील.